सांडायची शिकवणी

वरठीतल्या एका छोट्या बालवाडीत मी कामाला आहे. केर-फरशी करते, पोरांना संडासला नेते, डब्यांची झाकणं उघडून देते. माझी लेक तिथेच लहान गटात बसते, फी न भरता. मॅडम आपणहून म्हणाल्या होत्या, "घरी कोणाजवळ ठेवता तिले? घेऊन येत जा ना सोबत." मी आठवीतून शाळा सोडलेली. माहेर-सासर दोन्ही तिकडे बीडकडं, नवरा इथल्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली. हाक मारावी असं या गावात आमचं कोणी नाही. त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही. पण उपकारानं मिळालेल्या जागेवर माणूस नीट टेकून बसत नाही. कधी उठवतील, याकडेच कान असतो.

मग एकदा ती जागा जातेय की काय, असं झालं. गटातला एक पोरगा आपल्या बाटलीतलं पाणी मातीत ओतून चिखल करत होता. लेकीनं बाटली हिसकावली, त्याला ढकललं. कोपर सोललं त्याचं. मॅडमनी मला आत बोलावलं. "ताई, एकदा ठीक आहे. पण पुन्हा तिनं कोणाले मारलं-ढकललं, तर मी बाकीच्या आईबाबायले काय सांगू? मंग घरीच ठेवा लागन तिले." आवाज अगदी मऊ होता. ओरडल्या असत्या तर एवढी भीती वाटली नसती.

तिनं का ढकललं, ते मला ठाऊक होतं. आमच्या गावाकडे भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी शेवग्याला. तांब्या लवंडला की घरातली सगळी माणसं एकदम ओरडतात. दूध सांडलं तर इतकं ओरडत नाहीत. रांगत होती तेव्हापासून पोरीनं हेच बघितलं. इथे गावोगावी तलाव, धान पाण्यात उभं. पाण्यावरून कोणी कोणावर खेकसत नाही. हे मॅडमना सांगावंसं वाटलं, पण कारणं देते आहे असं दिसलं असतं. मी "हो मॅडम" म्हणाले आणि बाहेर आले.

त्यानंतर दोनच दिवसांनी कळलं, शाळेत पुढचा आठवडा समुद्राचा, म्हणजे खेळ, चित्रं सगळं समुद्रावरचं. शुक्रवारी पाण्याचा खेळ, बघायला पालक येणार.

सुरुवातीचे दिवस कोरडे होते, म्हणून बरे गेले. निळे कागद फाडले, मासे चिकटवले. मॅडमनी आपली जुनी निळी साडी आणली. आम्ही दोघींनी टोकं धरून लाटा केल्या, पोरं खालून पळाली. ज्याला लेकीनं ढकललं होतं त्याच पोरानं विचारलं, "मॅडम, समुद्राचे गेट कोन उघडते?" त्याच्या आजीचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. घरात मोठं पाणी म्हणजे धरणच ऐकलेलं त्यानं.

"समुद्राले गेट नसते रे बाबा."

"मंग पाणी सोडते कसे?"

मॅडम म्हणाल्या, "डबा खा आता."

गुरुवारी संध्याकाळी मी घरी परात मांडली, दोन पेले ठेवले. म्हटलं, आज हिला सांडायला शिकवायचं. "ओत, बाळा." तिनं या पेल्यातून त्या पेल्यात ओतलं. थेंब पडला नाही. "तसं नाही, खाली ओत." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मीच एक पेला फरशीवर रिकामा केला. आणि माझं मला कळायच्या आत हातात फडकं होतं. मी पुसलं आणि बादलीत पिळलं. तिनं टाळ्या वाजवल्या. शिकवणी झाली, पण उलटी.

शाळेत माझ्याबरोबर एक वयस्कर मावशी आहेत. शुक्रवारी सकाळी त्यांनी माझा चेहरा बघितला. "काहून भिऊन राहिली वं एवढी? पोट्टी हाये, वाघ नोहे."

म्हटलं, "वाघाला कोणी घरी ठेवा म्हणणार नाही, मावशी."

"हे मात्र खरं बोलली," म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

व्हरांड्यात दोन टप भरले. निळा रंग, मूठभर मीठ, प्लास्टिकचे मासे, स्पंज, नरसाळं. पायऱ्यांवर आया, आज्या, हातात मोबाइल. मी पोछा घेऊन भिंतीशी उभी. समुद्राचं गेट विचारणाऱ्या त्या पोरानं बोट बुडवून चाटलं, "थू, खारट!" म्हणाला. मग सगळ्यांनीच चाटलं. मग सुरू झालं शिंपडणं. माझी लेक हात मागे बांधून उभी होती. त्या पोरानं प्लास्टिकचा मग पाण्यानं भरला आणि उगाच, गंमत म्हणून, फरशीवर उपडा केला.

लेक त्याच्याकडे निघाली. मला धावायचं होतं, पण धावले असते तर सगळ्यांना कळलं असतं की तीच ती पोरगी. मी भिंतीशीच राहिले. ती पोराजवळ गेली आणि त्याला ओलांडून माझ्याकडे आली. माझ्या हातातला पोछा तिनं ओढून घेतला, सांडलेलं सगळं टिपलं, आणि दोन्ही हातांनी टपात पिळलं. निळ्या पाण्यात काळं पसरत गेलं.

"अवं माय! पोछ्याचं पाणी!" एक आई किंचाळली. "आमचा पोट्टा थे तोंडात घेऊन राहिला!" तिनं आपलं पोर उचललं. सगळे आधी लेकीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. लेक मात्र खूश. शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होती. गावाकडे ती मिळालीही असती.

त्या पोराची आजी पायरीवरून म्हणाली, "ओरडता काहून? आमचं गावच्या गाव पाण्यात गेलं, कोनी असं ओरडलं नाही. नवीन भरा ना टप!" कोणी हसलं, कोणी नाही.

"ताई, हा टप ओता," मॅडम म्हणाल्या.

मी काठ धरला. समोरून लेकीनं धरला. "नको आई. संपंल." ओठ घट्ट मिटलेले. आता ही कुणाला चावली की झालं, एवढंच डोक्यात. बोटं सोडवायला गेले असते तर मलाच चावली असती. शेवटी मी तोच प्लास्टिकचा मग भरला आणि माझ्या पायांवर ओतला. दुसरा तिच्या पायांवर. ती थांबली. कोणी ओरडेल म्हणून वाट बघत होती. मीही बघत होते. कोणी ओरडलं नाही. तेव्हा ती मटकन खाली बसली आणि मोठ्यांदा रडायला लागली. मी टप उलटवला, पाणी पायऱ्यांवरून पालकांच्या चपलांत शिरलं, पोरं त्यात उड्या मारत सुटली. ती रडत राहिली, पण तिचा हात कोणावर उठला नाही.

सगळे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "रडलीच ना फक्त? रडणारे सगळेच आहेत इथं. सोमवारी आणा तिले." मी मान हलवली.

दुसरा टप आम्ही दोघींनी मिळून मोरीत ओतला.

"आई, सगळं?"

"सगळं."

"मग सोमवारी?"

"सोमवारी पुन्हा भरतात इथं."

तिनं पिण्याच्या पाण्याचा पेला घेतला आणि सावकाश, एक धार धरून फरशीवर ओतला. नजर माझ्या चेहऱ्यावरून हलवली नाही. मी चेहरा तसाच धरून ठेवला. जमलं. पण उन्हाळ्यात आम्ही गावी जाऊ. तिकडे ती अशीच आजीच्या पुढ्यात पेला तिरपा करील आणि आजीच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा मी नेमकी तिथे असले पाहिजे.