भिंतीवरचा चहाचा डब्बा

आमच्या खोलीतले किस्से म्हंजे जिनिंगच्या आवारातला कापूस. एक उचला, खालून दुसरा निघते!

खोली दारव्ह्यात, किराणा दुकानाच्या वर. संध्याताई प्रोग्राम लिहिते, गजूभाऊ मशीनी दुरुस्त करतेत, अन् मी पिंट्या, दहावीत गणितानं पाडलेला, टायपिंग करतो. जिनिंगच्या गेटवरचा टोकनचा प्रोग्राम आमच्या गळ्यात. मागच्या हंगामात त्यानं दोन बैलबंड्यांले एकच नंबर देला. आर्णीकडच्या बुढ्याले भरली बंडी वापस न्या लागली. कापसाले भाव नाही, वरतून हे!

जिनिंगचे शेटजी म्हणे, "सोमवारी गेट उघडते. पुन्हा तसं झालं तं तुमचं काम बंद!"

ताई म्हणे, "नाही होणार."

*

हा टोकनचा प्रोग्राम पहिले लिहिणारा पोरगा पुण्याले पळाला. कोणता तुकडा कोणाले काम सांगते, कोणालेच ठाऊक नाही! मंग ताईनं एक सॉफ्टवेअर आणलं. ते प्रोग्रामचा नकाशाच काढते. एकेक काम म्हंजे एकेक डब्बा, अन् मधात रेघा. छापलेले कागदं चिकटवता चिकटवता भिंत भरली.

गजूभाऊ म्हणे, "बकरीनं सुताचं बंडल खाऊन वकलं काय वो?"

*

शेटजी पाह्याले आले. चष्मा लावला, काढला. "यात माहं गेट कुठी हाय?"

ताईनं दाखवलं.

"एवढंसं? माहं गेट मोठं हाय. मोठं काढा!"

*

आता माही करामत. मी निळ्या पेनानं एक डब्बा काढला, आत लिहिलं 'चहा', अन् बारा रेघा जोडल्या. ताई अर्धा दिवस प्रोग्रामात चहा शोधून राह्यली! सापडला मीच. ताईनं सारे पेन जप्त केले.

*

शनिवारी मले दिसलं. भिंतीच्या दोन टोकाले दोन डब्बे, दोन्ही टोकन नंबर देतेत. मधात रेघच नाही!

"ताई, हे दोघं एकमेकाले इचारतच नाहीत!"

"यातला एक पुन्हा तूच काढला नं बे?"

"आईची शपथ, मशीननं काढला!"

गजूभाऊ म्हणे, "अन् चहा कोणाच्या मशीननं काढला होता?"

मी बोटाले थुंकी लावली. 'चहा' घासला, निळा फराटा उठला. मंग टोकनचा डब्बा घासला. काळाच्या काळाच!

ताई खुर्ची ओढून प्रोग्रामात त्या दोघायले जोडाले बसली.

*

सोमवारी गेटवर बंड्यांची लाइन. हरेक बंडीले येगळा नंबर. आर्णीचा बुढा टोकन टोपीत खोचून अंदर गेला.

दुपारी खोलीत आलो तं भिंतीवर नवीन नकाशा. ताई त्याले नाक लावून उभी. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, बोटाले थुंकी लावली, अन् एकेक डब्बा घासाले लागली.

मी म्हटलं, "ताई, पेन तं तुमच्यापाशीच हायेत!"