गुळाचं बोट

लोह्याजवळ एक गूळ-पावडरचा लहानसा कारखाना आहे. त्याच्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत नागसेन गेली चोवीस वर्षं होते. आता मात्र पुरते थकले होते. मोटारसायकलवरून उतरायचं म्हटलं तरी गुडघ्यांची मिनतवारी करावी लागे.

काम तसं सोपं. वीतभर लांबीचं मीटर खिशात घालून शिवारात जायचं. उसाच्या रसाचे दोन थेंब त्याच्या काचेवर टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडं धरून डोळा लावायचा. रसात गोडी किती, ते आत आकड्यावर दिसतं. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या फडात ऊसतोडीची टोळी आधी.

त्या दिवशी सकाळी ते विठाबाईच्या उसात गेले. उसाला तुरा येऊन महिना झालेला, कांडी आतून पोकळ होत चाललेली.

"आधी माझा ऊस बघ, मग गूळ खा," विठाबाई म्हणाली. "आठ दिवसांत तोड न्हाई आली तर चुलीलाच लावावा लागंल."

आकडा आला एकोणीस. गूळ काही पुढं आला नाही, न खाताच नागसेन निघाले. मनात कुठंतरी लागलं होतं. माणूस आला की गुळाचा खडा अन् पाण्याचा तांब्या पुढं करायचा, ही तिकडची रीत. त्यांच्या वडलांना याच शिवारात ओंजळीत वरून पाणी मिळालं होतं, तांब्या कधी हातात आला नव्हता. म्हणून नागसेनांनी पुढं आलेला खडा आयुष्यात कधी परत केला नव्हता.

पुढच्या फडात बजरंगकडं त्याच्या बायकोनं, उज्वला वहिनींनी, ताटलीत चांगला लिंबाएवढा खडा आणला. तो चघळून, बोटं रुमालाला पुसून त्यांनी कांडं पिळलं. रस बोटावरून काचेवर ओघळला. आकडा एकवीस. तोडीची चिठ्ठी बजरंगच्या नावानं फाटली. विठाबाईचा नंबर गेला दहा दिवस पुढं.

दुपारी चारला प्रयोगशाळेत आले तर नळ कोरडा. एरवी ते आल्याबरोबर हात धुवत. आज तसंच बाटलीतलं शुद्ध पाणी बोटानं काचेवर टाकून मीटर तपासायला घेतलं. साध्या पाण्याला शून्य दिसायला पाहिजे. दिसले अडीच.

काच पुसून पुन्हा पाहिलं. दोन. मग बाटलीतल्या पाण्यानं बोटं खळखळून धुतली, नवा थेंब टाकला. शून्य.

नागसेन स्टुलावर बसले. चोवीस वर्षांतले किती आकडे गुळाचे निघाले असतील? गूळ सगळेच देतात, म्हणजे चूकसुद्धा सगळ्यांना सारखीच वाटली गेली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण विठाबाईनं दिला नव्हता. तिच्या एकटीचाच आकडा खरा होता.

टोळी पहाटे निघणार होती आणि मीटरला ऊन लागतं. गुडघे नको म्हणत होते, तरी त्यांनी किक मारली.

बजरंग बांधावरच भेटला. "काय नागसेनराव, मीटर इसरून गेलते का?"

"मीटर हाय. बोट चुकलं."

उज्वला वहिनी सवयीनं ताटली घेऊन आल्या. नागसेन म्हणाले, "वहिनी, आज आधी हातावर पाणी घाला." त्यांनी ओंजळ पुढं धरली. वहिनींनी वरून धार सोडली. तशी धरलेली ओंजळ पाहून नागसेनांना वडील आठवले. पण ते बोटं चोळत राहिले, चिकटपणा पुरता जाईपर्यंत.

आकडा आला साडेसतरा.

"म्हणजे माझ्याच गुळानं माझा ऊस पाडला म्हणा की," बजरंग म्हणाला.

"पाडला न्हाई. अजून पंधरा दिवस उभा राहू दे, तुझ्याच उसाचं वजन वाढंल. चिठ्ठी मी बदलून राहिलो. चूक माझी हाय, तसंच लिहितो."

बजरंग थोडा वेळ धुसफुसला. "टोळीला जेवायचं सांगून बसलो ना मी," म्हणाला. मग त्यानंच टोळीच्या मुकादमाचा नंबर लावून फोन नागसेनांच्या हातात दिला.

बदललेली चिठ्ठी घेऊन ते विठाबाईच्या दारात पोचले, तेव्हा ऊन कलत आलं होतं. सकाळी टोळी येणार, एवढंच त्यांनी सांगितलं. ती आत जाऊन तांब्या आणि ताटली घेऊन आली.

"बस. सकाळचा ऱ्हायलाय तुझा."

नागसेनांनी मीटर पिशवीत घालून नाडी आवळली, आणि मग खडा उचलला.