आबांच्या पेटीची टोपी

माशांचा नाद असलेली माणसं एकत्र आली की मासे बाजूला राहतात आणि गप्पाच वाढत जातात. आमचं टोळकं तर तिघांचंच. मी फणसवाडीतला कारकून, दत्तू परब घोडपदेवचा, गिरणीत नोकरीला, आणि तिसरा कोठारे. कोठाऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वकिली, त्यामुळे त्याच्याकडे माशांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत लोकांकडे मोर्च्यांच्या गोष्टी साठल्या. आमच्याकडे साठल्या माशांच्या पेटीवरच्या दिव्याच्या टोपीच्या!

टोपीचं कारण दत्तूचे वडील, आबा. त्यांना काचबिंदू झाला होता, आणि गेलेली नजर परत यायची नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर आबांना विरंगुळा एकच, खाटेजवळची माशांची पेटी. मोठा बल्ब लावावा तर पाणी तापायचं आणि चाळमालकही ओरडायचा. तेव्हा टोपीला आतून काहीतरी चकचकीत लावून आहे त्याच बल्बचा सगळा उजेड पाण्यात पाडायचा, असं ठरलं. "आबांना मासे दिसले पाहिजेत, बस्स!" दत्तू म्हणायचा. त्याला घाई होती आणि ती आम्हांलाही कळत होती.

\*

सुरुवात सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीने झाली. आमच्यात ओढणारं कोणी नाही, म्हणून मी ऑफिसातली रिकामी पाकिटं खिशात भरून आणू लागलो. बायकोने एकदा कोट झटकला आणि अबोला धरला!

ती चांदी आम्ही खळीने टोपीला चिकटवली. वाफेने खळ सुटली, तुकडे पाण्यात पडले आणि मासे त्यांना टोचे मारू लागले.

कोठारे शांतपणे म्हणाला, "वर्खाची मिठाई आवडलेली दिसते."

\*

मग कोठाऱ्याने घरातल्या जुन्या आरशाचा तुकडा आणला. तो टोपीच्या मागच्या बाजूला तिरका बसवला. पेटीत तेव्हा एक फायटर मासा होता. त्याला आरशात दुसरा फायटर दिसला! कल्ले फुगवून तो दिवसभर आरशावर धावून जायचा. खाणंपिणं बंद.

आबांना नुसतीच खळबळ जाणवली. "कोणाशी भांडता रे तो?"

"स्वतःशीच, आबा."

"मगे उद्या मोर्च्यात घेवन् जावा त्येका!"

\*

त्यानंतर दत्तूला वाटेत कल्हईवाला दिसला. पठ्ठ्याने घरातली पितळेची परात आतून झकास कल्हई करून घेतली आणि पेटीवर उपडी टांगली. उजेड पडला खरा, पण सगळा एकाच जागी. मासे घाबरून कोपऱ्यात जाऊन बसले.

तिकडे दत्तूच्या आईला पीठ मळायला परात मिळेना. तिने शोधत येऊन ती पेटीवरून उतरवली, विसळली आणि पीठ मळायला बसली.

जेवताना आबा म्हणाले, "आज भाकरेक माशांचो वास येता. कालवण खंय आसा?"

\*

वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा आम्ही राखेने घासून लखलखीत केला आणि माझ्या गॅलरीत उन्हात धरून बघू लागलो. शहरात जमावबंदी होती, गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा होता. कवडसा नेमका त्याच्या डोळ्यांवर! तो धाडधाड जिना चढून वर आला.

"कोणाला खुणा करताय?"

कोठाऱ्याने पुस्तक उघडून त्याला सगळं समजावून सांगितलं. पोलीस माझ्या घरातल्या माशांच्या पेटीसमोर बसला, चहा प्याला, मासे न्याहाळत राहिला. जाताना दारात थांबून म्हणाला, "पाचांपेक्षा जास्त जमायचं नाही असा हुकूम आहे. तुमच्या पेटीत सात आहेत!"

तो गेल्यावर मी सहज पुस्तक हातात घेतलं. कोठाऱ्याने उघडलेल्याच पानावर खाली छापलं होतं की टोपीला आतून साधा पांढरा रंग द्यावा, त्याने उजेड सगळीकडे सारखा पडतो.

"अरे, तू हे वाचलं नव्हतंस?" मी ओरडलो.

"पुस्तक दाखवायला असतं रे," कोठारे म्हणाला.

\*

पांढरा ऑइलपेंट दिलेली टोपी घेऊन आम्ही रविवारी घोडपदेवला गेलो. दत्तूने सकाळीच पेटी धुऊन ताजं पाणी भरलं होतं. नळाचं पाणी मुरेपर्यंत मासे सोडायचे नसतात, म्हणून ते सगळे खाली बादलीत होते. तरी टोपी तेवढी लावून बघू म्हटलं.

बटण दाबलं आणि पेटीचा कोपरान्‌कोपरा उजळला. वाळूचा कण नि कण दिसत होता. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आबा खाटेवर उठून बसले, काचेला नाक लागेपर्यंत पुढे वाकले. आम्ही तिघं खाटेभोवती उभे.

"आबा, कसा काय उजेड?" दत्तूने विचारलं.

"झकास!" आबा म्हणाले. "तांबडो बघ कसो वर चढता. आणि काळो त्येच्या पाठसून. पोरांनु, खूप कष्ट घेतलात रे माझ्यासाठी."

कोठाऱ्याने खालच्या बादलीकडे बघितलं.

दत्तूने पायाने बादली हळूच खाटेखाली सारली. "होय आबा," तो म्हणाला, "तांबडोच पुढे आसा."