पन्हाळीची जाळी आणि कानबाईचा रविवार

परवा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर भांडण जुंपलं होतं... पन्हाळीवर जाळी बसवावी की नाही. कोणी म्हणे फुकटचा खर्च, कोणी म्हणे पाऊस-पाण्याच्या ठिकाणी पाहिजेच. मी शाळेत दोन बुकं शिकलेली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या, पण या जाळीचं मला तुमच्याहून जुनं ठाऊक आहे...

माझं लग्न नवीन होतं. धरणगावला लाइट येऊन थोडेच दिवस झाले होते. सासरचं घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रे, आणि शेजारी हे एवढं कडुनिंबाचं झाड. सावली फार गार... पण पावसाळ्यात निंबोळ्या आणि पाला सगळा पत्र्यावरून घरंगळत पन्हाळीत. पन्हाळ तुंबली की पाणी मागे वळून भिंतीत मुरायचं. आदल्या वर्षी मधल्या खोलीच्या भिंतीचे पोपडेच्या पोपडे खाली आले होते.

माझी थोरली जाऊ, आम्ही तिला अक्का म्हणायचो, दोंडाईचाची. गोरीपान, उंच, आणि हाताला एक मिनिट स्वस्थता नाही. आमच्याकडे दूध-तूप ठेवायचं जाळीचं कपाट होतं, त्याचं दार मांजरीने मोडलं होतं. (ती मांजर वेगळीच गोष्ट आहे, दह्यात पाय घालून बसायची...) अक्काने त्या दाराची जाळी कापली, जरा फुगीर वाकवली आणि पन्हाळीवर तारेने बांधून टाकली.

सासूबाई खालून बघत होत्या. म्हणाल्या, "काय वं, आते पाऊस बी चाळीसन लेशी का?" म्हणजे आता पाऊसही चाळून घेणार का.

अक्का हसली नुसती. पण आषाढ सरला तरी भिंत कोरडी. निंबोळ्या जाळीवरून टपाटप अंगणात पडायच्या, पाणी तेवढं आत उतरायचं. मी तर रोज सकाळी भिंतीला हात लावून बघायची आणि मनात म्हणायची, काय डोकं आहे या बाईचं...

त्या श्रावणात आमच्या घरी कानबाई बसायची होती. आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी, आमची आई, बसते. सगळे भाऊबंद एका घरी, सगळ्यांच्या वाट्याच्या गव्हाचे रोट, आणि घर कसं... सारवून, रंगवून लख्ख. चुन्याचं काम सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, स्वतःकडे घेतलं होतं. "कानबाई येस, कोठेच काळं दिसाले नको," म्हणत दोन दिवस शिडीवर होते. आम्ही स्वयंपाकात, कोण कशाला वर बघतंय...

रविवारी तिसऱ्या प्रहरी कानबाई बसली. चौरंगावर नारळ, नथ, हिरवं लुगडं, पाठीशी तीच मधल्या खोलीची भिंत. आणि पाऊस सुरू झाला. साधा नाही, समोरचं झाड दिसेना असा.

थोड्या वेळाने चुलत सासूबाईंनी वर बोट केलं. भिंतीवर वरून एक ओला पट्टा उतरत होता... चौरंगाच्या बरोबर मागे. आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कानबाई एकदा बसली की विसर्जनापर्यंत तिला जागेवरून हलवत नाहीत. आणि भिंत आली तर सरळ आईच्या अंगावर. मग चुलत सासूबाई अक्काच्या माहेराचं नाव घेऊन म्हणाल्या, "दोंडाईचानी चाळनी भिंत लई बसनी." म्हणजे दोंडाईचाची चाळणी भिंत घेऊन बसली.

अक्काचा चेहरा पडला. पुरुष म्हणाले पत्र्यावर चढतो. सासूबाईंनी अडवलं... आई खाली बसलेली, तिच्या डोक्यावर पाय द्यायचा नाही. बरोबरच होतं ते.

मग अक्काने पदर खोचला. अंगणातली बैलगाडी दिरांकडून भिंतीशी ढकलून घेतली आणि हातात उलथणं घेऊन त्या गाडीवर चढली. पत्र्याला पाय न लावता. मी खाली जू दाबून धरलेलं, दोघी चिंब. तिने तारा सोडल्या, जाळी उपसली... आणि पन्हाळीतून पाणी धो धो करत नळीला लागलं. तुंबलेलं काहीच नव्हतं. आत पन्हाळ ताटासारखी स्वच्छ, एक निंबोळी नाही.

जाळी मात्र पांढरीफटक. एकूण एक छिद्र चुन्याने बुजलेलं, म्हणून पाणी पन्हाळीत न उतरता मागे भिंतीत वळत होतं. गंजकी काळी जाळी आईच्या नजरेला कशी दिसावी, म्हणून आबांनी तिलाही दोन हात मारले होते...

अक्का जाळी घेऊन आत आली. सगळ्यांनी जाळीकडे बघितलं, मग आबांकडे. आबा खाली मान घालून रोट बारीक करत बसले. अक्का एवढंच म्हणाली, "पाऊस थांबना की धुई टाकू." म्हणजे थांबला की धुऊन टाकू. ना आबांचं नाव, ना चुलत सासूबाईंना उलट उत्तर. भिंतीचा पट्टा तिथेच थांबला. आई रात्रभर सुखाने बसली.

सोमवारी सकाळी विसर्जनाला निघायचं. कानबाईचा चौरंग पहिल्यांदा कोणी डोक्यावर घ्यायचा, हा मोठा मान असतो. चुलत सासूबाई वडीलधाऱ्या, त्या चुंबळ घेऊन पुढे आल्याच होत्या. आमच्या सासूबाईंनी ती चुंबळ त्यांच्या हातातून हळूच घेतली आणि म्हणाल्या, "पयला मान मनी मोठीले."

मनी मोठीले... माझ्या थोरल्या सुनेला. अक्काने चौरंग डोक्यावर घेतला तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि मी मागे आरतीचं ताट घेऊन चालत होते.

तर बायांनो, जाळी बसवा. पावसाआधी एकदा वर नजर टाका, आणि रंगवाल्याला तिच्यापासून लांब ठेवा. मला अशी जाऊ मिळाली, हे माझं नशीब...