आप्पांची अंघोळ

माझे सासरे एकाहत्तरच्या लढाईत होते. तोफगोळ्याचे तुकडे गुडघ्यात घुसले आणि उजवा पाय कायमचा ताठ झाला. लातूरला औसा रोडवरच्या आमच्या घरी तो पाय समोर पसरून ते ओट्यावर बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मी नांदेडहून लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, आमच्यात तशी रीतच आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. सासूबाई आधीच वारलेल्या. माझे मिस्टर डाळमिलमध्ये नोकरीला, ते भल्या सकाळी निघत. त्यांचं करायला ठेवलेला माणूस थोड्याच दिवसांत येईनासा झाला. मग आप्पांची अंघोळ, कपडे, सगळं माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी गरम पाण्याची बादली घेऊन खोलीत गेले, तसा त्यांनी उशाजवळचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला. मीही मान वळवून अंदाजानंच पुसत राहिले. नंतर मी न्हाणीत बराच वेळ हात धूत बसले. घाण वाटली म्हणून नाही. जेवायचं ताट घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर कसं जायचं, ते कळेना.

हळूहळू त्यांनी पाणी पिणंच सोडलं. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच. ताप चढला. डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू झालेत, आणि पाणी देत नाही म्हणून मलाच रागावले. घरी आल्यावर मी विचारलं, "आप्पा, पाणी का पीत नाही तुम्ही?"

ते छताकडं बघत म्हणाले, "पेलं की तुला धुवावं लागतंय."

"मग धुईन की."

"लाज वाटती गं. सुनेनं करायचं काम हाय का हे?"

"मला पण वाटते," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

पण त्यांना बरं वाटलं असावं. थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "पायाला लागलं तवा मिलिटरीच्या दवाखान्यात एक नर्स हुती. केरळची असंल, लहानच पोरगी. असंच सगळं करायची माझं. मी भित्तीकडं तोंड करून पडायचो. बरा होऊन निघालो, तरी तिच्याशी धड बोललो न्हाई. तिला वाटलं असंल, माणूस लई मग्रूर हाय."

त्या दिवशी त्यांनी तांब्या संपवला. अंघोळीच्या वेळी टॉवेल तोंडावर राहिलाच, पण आता त्याच्याखालून बोलणं यायचं. सोयाबीनचा भाव काय निघाला, पाऊस कुठवर आलाय.

दिवाळीनंतर एका पहाटे ते झोपेतच गेले. आम्ही लिंगायत; आमच्यात माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. मिस्टर बाहेर गाडीचं बघत होते. आत भावकीतले चौघं आप्पांना भिंतीला टेकवून बसवत होते. एकानं उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि जोर लावला. मी बायकांमध्ये दाराशी उभी होते.

"दाबू नका," मी म्हणाले. "तो गुडघा वाकत नाही. लढाईपासून तसाच आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासऱ्याच्या अंगाबद्दल सून चारचौघांत बोलली होती. माझे कान तापले. विधी करायला आलेले स्वामी तेवढे म्हणाले, "राहू द्या सरळ. खड्डा वाढवून घ्या." दोघं जण खोरं घेऊन शेताकडं गेले.

शोकसभेला माजी सैनिक आले होते. एकानं सांगितलं, आप्पा कधी कुणापुढं झुकले नाहीत, कुणाच्या आधारानं जगले नाहीत. लोकांनी माना डोलावल्या. मग माईक मिस्टरांकडं आला. त्यांना बोलवेना. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तूच बोल. तुलाच जास्त माहिती."

मला माहीत होतं ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं. ती नर्स ओठांवर आली, पण तिच्याबद्दल बोलले असते तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं. "आप्पा फार चांगले होते," एवढं म्हणून मी खाली बसले. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मला रडू आवरत नाही.