वहिनींचा उपवासाचा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझ्या मूळव्याधीच्यासुद्धा ताज्या बातम्या देत असतो. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

आमच्या गोतावळ्यात मी गोष्टी सांगणारा माणूस. पोट सुटलेलं, केस गेलेले, आवाज तेवढा शाबूत. लग्नात पंगती उठल्या की सगळे मला घेरून बसतात, आणि हमखास मागणी असते जामखेडच्या वहिनींच्या गोष्टीची. वहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची बायको. नवी नवरी असताना तिनं म्हणे आतल्या खोलीत बसून रुखवताचे सगळे लाडू फस्त केले. सगळे नव्हे हो — पाच-सहा असतील. डबाभर मी केले. वहिनी वाढायला उभी असायची, पदर तोंडाला लावून हसायची. हसायची, असं मला वाटायचं.

पण सांगायचंय ते हे नाही. म्हणजे — हेही आहेच.

मी नगरला एका दवाखान्यात कामाला आहे. तिथं एका औषधाची चाचणी चालली होती. पोट भरलं तरी ज्यांचा हात थांबत नाही, मग लाजेनं जे लपून खातात, अशा माणसांसाठी. पहिली मुलाखत घेऊन फॉर्म मी भरायचो. त्यातून पुढे जाईल तोच डॉक्टरांसमोर. वजन उतरवायला कुणी उलट्या काढत असेल किंवा उपाशी राहत असेल, तर तो आजार वेगळा. त्याला घ्यायचं नाही.

एका सकाळी समोर वहिनी. घरी न सांगता एसटीनं आलेली. मी तिथं असेन म्हणूनच धीर करून आलेली. आडनावं वेगळी, नातं कुणाला कळणार नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. तिथंच उठून दुसऱ्या कुणाला बसवायला हवं होतं, नाही का?

तिनं सगळं खरं सांगितलं. पिठाच्या डब्यामागे दडवलेले बिस्किटांचे पुडे, न्हाणीघरात उभ्यानं खाल्लेल्या शिळ्या पोळ्या. मी विचारलं, लपून कधीपासून?

"तुमी ती लाडवाची गोष्ट सांगाया लागलात, तवापासनं, भावजी. चारचौघांत घास उतरत न्हाई." रागानं नाही म्हणाली. विचारलं म्हणून सांगितलं.

हे मला माझ्याच हातानं लिहायचं होतं. डॉक्टर तिला विचारणार होते — कसली गोष्ट? कोण सांगतं?

मी तो रकाना कोरा ठेवला. पुढचा रकाना उपवासाचा. विचारलं, उपवास कधी करता?

"गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी."

वजनासाठी?

"न्हाई वो, देवाचं हाय. सासूबाईंनी लावून दिलेत."

आपल्याकडे निम्म्या घरांतून हेच उत्तर येईल. मी लिहिलं — वजन उतरवण्यासाठी नियमित उपाशी राहते. खाली लिहिलं — अपात्र. अपात्र माणसाचा फॉर्म कोण वाचतो?

तिला म्हणालो, तुम्ही यात बसत नाही.

"म्हंजे मला आजार न्हाई?"

अजूनही खोडता आलं असतं. पेन हातातच होतं. मी म्हणालो, "तसं काही नाही, वहिनी. जेवताना जरा मनाला आवर घाला."

"मंग मी नुसती हावरटच," ती म्हणाली. पिशवी उचलली, आणि जामखेडची गाडी किती वाजता, ते मला विचारलं. ती वेळ मी बरोबर सांगितली.

त्याला सहा वर्षं झाली. वहिनी पुन्हा कुठल्या डॉक्टरकडे गेली नाही.