सासूबाईंची दुधी काच

आमच्या सासूबाईंचे कान फार तिखट होते. कोपऱ्यावर भाजीवाल्याची गाडी वळली की तिसऱ्या मजल्यावर त्यांना कळायचं. एक 'नाही' हा शब्द तेवढा ऐकू येत नसे. कुणी 'हे होणार नाही' म्हटलं की त्या शांतपणे विचारत, "बरां, मग सुरू कधी करूया?"

गिरण्यांचा संप झाला आणि सासरे कायमचे घरी बसले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी लग्न होऊन मुलुंडच्या त्या घरात आले. आमचं बाथरूम जेमतेम. एक तांब्या ओतला की दारापर्यंत पाणी. तिथेच सासरे घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, धीर मात्र जुळला नाही. त्यांचा भार सासूबाईंना पेलवेना, म्हणून रोज मुलाचा हात धरून ते आंघोळीला जात. एकदा माझे यजमान लवकर कामावर गेले. सासरे खांद्यावर टॉवेल टाकून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिले. मी हात पुढे केला, तर त्यांनी मान फिरवली. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

पुढे त्या वांद्र्याला एका ओळखीच्या घरी बारशाला गेल्या आणि बारसं सोडून बाथरूमचंच वर्णन करत परतल्या. "मधी काच हा गो! पाणी तिकडे, माणूस हयसर. पाय ठेवायची जागा सुकी खणखणीत!"

सासरे भडकले. "मी काय दुकानातल्या शोकेसात बसून आंघोळ करू?"

"दुधी काच घेतलंय. माकाय हौस नाय तुमका बघूची," सासूबाई म्हणाल्या. काच दुकानात सांगून झालेली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

बाथरूम फोडलं. आम्ही महिनाभर शेजारी आंघोळीला गेलो. नव्या टाइल्स बसल्या, भिंतीला धरायला जाड दांडा लागला. मग साकीनाक्याहून टेम्पो आला. गोधड्यांत गुंडाळलेली काच जिन्याच्या प्रत्येक वळणावर अडत होती आणि सासूबाई पुढे उलट्या चढत, "माझ्याकडे बघा, पायरीकडे नको," म्हणत चौघा गड्यांना वर आणत होत्या. सगळी बिल्डिंग दारात उभी.

काच उभी केली आणि बाथरूमचं दार उघडेना. ते काचेवरच अडत होतं. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "माई, घोळ झाला. माप टाइल्स लावायच्या आधी घेतलं. बोटभर काच जास्त आहे."

"मग काप."

"भट्टीत कडक केलेली काच आहे. कापायला गेलो तर चुरा होईल."

"आई, वाट लागली. जाऊ दे आता," माझे यजमान म्हणाले. बाहेर सासरे काठी टेकून उभे होते. ते खुर्चीकडे वळले.

सासूबाईंनी ते पाहिलं. मग त्या काचेकडे न बघता भिंतीकडे बघत राहिल्या. "काच कापूक येना नाय ना? मग भिंत काप रे."

मिस्त्री मोठ्याने हसला. त्याने छिन्नी घेतली. नव्याकोऱ्या टाइल्समधून वरपासून खालपर्यंत बोटभर खोल खाच पाडली आणि काच अलगद आत सरकवली. सासूबाईंनी करंगळीने दार ढकललं. ते पूर्ण उघडलं! जिन्यात कुणीतरी शिट्टी मारली.

सिमेंट सुकल्यावर सासरे एकटे आत गेले आणि त्यांनी कडी लावली. "कडी कित्याक?" सासूबाई ओरडल्या. "पडलात तर?"

"माणूस आंघोळ करताना कडी लावता!" आतून आवाज आला. कितीतरी दिवसांनी ते चिडून, पूर्ण आवाजात बोलले होते. भांग पाडून, कोऱ्या बनियनमध्ये बाहेर आले तेव्हा सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि आम्हाला सांगत होत्या, "सिमेंट गेला डोळ्यात."

बऱ्याच वर्षांनी सासूबाई आधी गेल्या. स्मशानातून परतल्यावर सगळ्यांना आंघोळ करायची होती. सासरे काठी टेकत उठले. भावकीतले दोघे त्यांना धरायला पुढे झाले. त्यांनी दोघांचे हात हळूच बाजूला केले.

"नको. तिनां माझी सोय करून ठेवल्यान हा," ते म्हणाले, आणि दांड्याला धरून एकटे आत गेले.